मांजर किती दिवसांनी विंचरावे?

स्मरणिकेसाठी "पालकांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी लिहा" असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा गाईम्हशींच्या लसीकरणावर लिहावे असा माझा विचार होता. पशुवैद्याकडून तीच अपेक्षा असते. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची जी कुटुंबे माझ्याकडे येतात, त्यांच्या हातात दावे नसते. झाकणाची प्लास्टिकची टोपली असते आणि टोपलीत मांजर बसलेले असते. गावचे घर सुटले, शहरात सदनिका झाली, गोठा मागे राहिला आणि मुलांच्या हट्टाने मांजर आले. या मंडळींचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : याला किती दिवसांनी विंचरायचे आणि किती दिवसांनी आंघोळ घालायची? त्याचे उत्तर दोन मिनिटांत देऊन मी त्यांना अनेकदा वाटेला लावले आहे. येथे ते जरा सविस्तर देतो.

वसतिगृहात आमच्या वेळी कोठीघराची एक मांजरी होती. ज्वारीच्या पोत्यांना उंदीर लागू नयेत म्हणून तिला ठेवलेले होते. तिला कोणी कधी विंचरले नाही, तरी ती आम्हां मुलांपेक्षा स्वच्छ दिसे. एकदा स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघांनी ठरविले की पाहुणे येणार, तर हिलाही न्हाऊ घालावे. हौदावर नेऊन कपडे धुण्याच्या साबणाने तिला घासले. आमच्या हातांचे जे झाले ते झालेच. पण ती रात्री उशिरापर्यंत चुलीजवळ बसून अंग चाटत राहिली, आणि पुढे दोन दिवस लाळ गाळीत हिंडली. स्वयंपाकघरातील मावशी आम्हांला एवढेच म्हणाल्या, "तिची आंघोळ तिला ठाऊक आहे. तुम्ही आपापल्या आंघोळी नीट करा." मावशींचे म्हणणे किती नेमके होते, हे मला पशुवैद्यकाच्या अभ्यासात कळले. आणि ते कोठे लागू पडत नाही, हे त्याहूनही पुष्कळ उशिरा कळले.

मांजराची जीभ हाताला खरखरीत लागते, कारण तिच्यावर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. आपली नखे ज्या द्रव्याची बनलेली असतात, त्याच केराटिनचे ते असतात. पूर्वी हे काटे भरीव व टोकदार असावेत असे मानले जाई. 2018 साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील अलेक्सिस नोएल व डेव्हिड हू यांनी घरगुती मांजरापासून वाघ-सिंहापर्यंत सहा जातींच्या प्राण्यांच्या जिभा तपासल्या, तेव्हा काट्याच्या टोकाशी पन्हळीसारखी पोकळी आढळली. या पोकळीत लाळ आपोआप ओढली जाते आणि काटा केसांत शिरला की ती थेट त्वचेपाशी सोडली जाते. म्हणजे मांजर एकाच वेळी विंचरते, धुते आणि उन्हाळ्यात अंग गारही करते. सुटलेला केस, धूळ, पिसू हे सारे त्या काट्यांत अडकून निघते. गळ्याभोवती संरक्षक कडे घालून चाटण्यास अटकाव केलेल्या मांजरांच्या अंगावर, मोकळेपणी चाटणाऱ्या मांजरांपेक्षा दुपटीच्या आसपास पिसवा आढळल्याचे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते.

याच जिभेच्या संशोधनात आपल्या प्रश्नाचे उत्तरही दडलेले आहे. काट्यांची लांबी दोन-अडीच मिलिमीटर इतकीच असते. मांजर जीभ दाबून फिरविते तेव्हा केसांचा थर दबतो आणि काटे त्वचेपर्यंत पोहोचतात. बहुतेक सर्व मार्जारकुळात हे गणित जमते. अपवाद निघाला तो माणसाने निवडून निवडून वाढविलेल्या पर्शियन मांजराचा. त्याचा केस दाबूनही इतका जाड राहतो की जीभ मुळाशी पोहोचतच नाही. कोठीघराच्या मांजरीबाबत मावशी बरोबर होत्या. सोफ्यावरच्या पर्शियन मांजराबाबत त्या चुकल्या असत्या.

तेव्हा हिशोब असा. आपल्याकडचे आखूड केसांचे देशी मांजर निरोगी असेल तर त्याला आठवड्यातून एकदा विंचरले की पुरते. केस गळण्याच्या दिवसांत दोन-तीनदा विंचरावे. केसगळतीचा संबंध दिवसाच्या लांबीशी असतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर ती वाढते. परंतु सदनिकेत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, म्हणून घरातच राहणाऱ्या मांजराचे केस थोडेफार वर्षभर गळत राहतात. मध्यम लांबीच्या केसांचे मांजर आठवड्यातून दोन-तीनदा विंचरावे. पर्शियन किंवा त्याच्या संकराचे मांजर असेल तर रोज. "रोज" हा शब्द मी पालकांना दोनदा उच्चारून दाखवितो, कारण मांजर विकणारा तो एकदाही उच्चारीत नाही.

रोज न विंचरल्यास काय होते, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. गळालेला केस खाली न पडता उभ्या केसांत अडकतो. त्यात तेलकट स्राव, धूळ, लाळ मिसळते आणि गुंता होतो. गुंता आवळत जाऊन त्याची जट बनते. काखा, कानामागचा भाग, पोट, मांड्यांची आतली बाजू व शेपटीचे मूळ या ठिकाणी ती प्रथम धरते. जट या शब्दाला आपल्या समाजात निराळा इतिहास आहे. बायकांच्या डोक्यातील जट देवीची मानून किती मुलींची आयुष्ये सोडून दिली गेली आणि ती कापण्यासाठी कार्यकर्त्यांना किती घरांचे उंबरे झिजवावे लागले, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको. मांजराची जट पाहिली की तिच्यात गूढ काही नसते हे उघड्या डोळ्यांनी दिसते. न विंचरलेला केस, तेल आणि मळ, एवढेच. प्रत्येक पावलागणिक ती कातडी ओढते. तिच्याखाली हवा जात नाही, पावसाळ्यात ओल धरते, त्वचा सोलवटते, जखमेत अळ्याही पडू शकतात.

तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ असेच एक पांढरे मांजर घेऊन आले. मुलीच्या वाढदिवसाला आणलेले, वय जेमतेम दीड वर्षाचे. परीक्षेच्या काळात दोन महिने कोणी हात लावला नाही आणि पोटावर तळहाताएवढी जट झाली. मुलीने कात्री घेतली. मांजराची कातडी पातळ व सैल असते. जट वर उचलली की तिच्याबरोबर कातडीही तंबूसारखी उचलली जाते आणि केस कोठे संपतो व कातडी कोठे सुरू होते हे दिसत नाही. जखम चार बोटे लांब होती. टाके घालताना ते गृहस्थ मला हळू आवाजात विचारीत होते की हे मांजर कोठे सोडून देता येईल का. मुलगी दारातच उभी होती. तिने ते ऐकले होते.

म्हणून जटेला कात्री लावू नये. लहान गुंता असेल तर मुळाशी केस बोटांनी घट्ट धरून, म्हणजे ओढ कातडीला बसणार नाही अशा रीतीने, टोकाकडून थोडा थोडा सोडवावा. मोठी जट दवाखान्यात यंत्राने, गरज पडल्यास गुंगी देऊन काढावी लागते. ओली जट अधिकच आवळते, म्हणून विंचरण्यापूर्वी पाणी लावू नये. उन्हाळा आला म्हणून सबंध मांजर भादरण्याची एक पद्धत शहरांत पडली आहे. तिची बहुतेक वेळा आवश्यकता नसते. उघडी पडलेली कातडी, विशेषतः पांढऱ्या मांजराची, उन्हाने भाजते.

साधने थोडी लागतात. आखूड केसांना रबरी दातांचा हातमोजा किंवा मऊ ब्रश पुरतो. लांब केसांना विरळ दातांचा धातूचा कंगवा हवा. याखेरीज प्रत्येक घरी एक फणी असावी, आपल्याकडे उवा काढण्यास वापरतात तशीच, पण मांजराची वेगळी. फणीतून काळे कण निघाले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नव्हे, पिसवांची विष्ठा होय; त्यात मांजराचेच रक्त असते. विंचरण्याची वेळ मांजर जेवून सुस्तावले असताना निवडावी. हनुवटी आणि गालांपासून आरंभ करावा, कारण तेथे त्याला आवडते, पोट शेवटी. शेपूट आपटू लागले, कान मागे गेले की त्या दिवशीचे काम संपले असे समजावे. दोन मिनिटे झाली असली तरी चालते. धरून, दाबून, चौघांनी मिळून एकदाच विंचरलेले मांजर पुढच्या वेळी कंगवा पाहूनच पलंगाखाली जाते.

मांजराच्या केसाने दमा होतो, असे घरातील वडीलधारी सांगतात. त्यात अर्धे तथ्य आहे. ॲलर्जी होते ती केसाची नव्हे. मांजराच्या लाळेत व त्वचेतील ग्रंथींत असलेल्या एका प्रथिनाची. चाटताना ते केसावर लागते, वाळते आणि हवेत उडते. घरात कोणास दमा असेल तर विंचरण्याचे काम दुसऱ्याने, शक्यतो गॅलरीत, करावे. दुसरी खबरदारी गजकर्णाची. केस झडून गोल खवलेदार चट्टा दिसला, किंवा मुलांच्या दंडावर-मानेवर कडे उमटले, तर विंचरणे थांबवून दोघांनाही आपापल्या डॉक्टरांकडे न्यावे. ही बुरशी कंगव्यावर व सतरंजीवर महिनोन्महिने टिकते, त्यामुळे एका मांजराचा कंगवा दुसऱ्यास वापरू नये. लांब केसांच्या मांजराच्या अंगावर ती चट्टा न दिसताही असू शकते. उपचाराने ती बरी होते. मांजर रस्त्यावर सोडण्याचे ते कारण नव्हे.

पोटात गेलेला बहुतेक केस विष्ठेवाटे जातो. उरलेल्याची कधी गुंडाळी होऊन ती उलटीतून पडते. क्वचित असे घडणे साहजिक आहे. मात्र वारंवार उबळ येऊन काहीच पडत नसेल, मांजर खात नसेल, शौचास होत नसेल, तर आतड्यात अडथळा असू शकतो. मान लांबवून, जमिनीशी दबून खोकणारे मांजर केसाची गुंडाळी काढीत आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो अनेकदा दमा असतो, मांजराचा स्वतःचा.

आंघोळीविषयी थोडक्यात सांगतो : निरोगी मांजरास ती लागत नाही. पण एक गोष्ट मनावर घ्यावी. मांजर अंग चाटते, म्हणून त्याच्या अंगावर जे पडेल ते त्याच्या पोटात जाते. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून ते चालले तर पंजे चाटताना फिनेल पोटात जाते, आणि असली द्रव्ये निचरून टाकण्याची त्याच्या यकृताची शक्ती फार थोडी असते. कुत्र्यांच्या पिसवांवरील काही औषधांत परमेथ्रिन असते; गोठ्यात गोचिडांवर फवारतात तीही पुष्कळशी त्याच कुळातील. "थोडेसेच लावले" म्हणून थरथरणारी, झटके येणारी मांजरे मी पाहिली आहेत. सगळी वाचली नाहीत. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देणे हेही तसेच. एक गोळी पुरते.

नखांची वाढलेली टोके दोन-तीन आठवड्यांनी पाहावीत. फक्त पारदर्शक टोक कापावे, गुलाबी भागास स्पर्श करू नये. म्हाताऱ्या मांजराची नखे वळून पंजाच्या गादीत रुततात, हे लक्षात असू द्यावे.

म्हाताऱ्या मांजराचा विषय निघालाच आहे. आमच्या घरी एक बोका आहे. तो चौदा वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या पाठीवर कोंडा दिसू लागला, कमरेपाशी केसांचे झुबके उभे राहू लागले. वय झाले, असे मी म्हणालो. दिवसभर इतरांची मांजरे तपासणारा मी, घरी येऊन त्याच्याकडे त्याच नजरेने पाहत नव्हतो. माझी पत्नी त्याला रोज विंचरीत असे. दीड महिन्यानंतर तीच म्हणाली, "गालाला कंगवा लावला की हा आता मान काढून घेतो. पूर्वी पुढे करायचा." मी तोंड उघडून पाहिले. दोन दाढा मुळाशी झिजून उघड्या पडल्या होत्या. जीभ फिरविली की कळ येत असणार, म्हणून त्याने चाटणे सोडले होते. केस त्यामुळे बिघडले होते. वयस्क मांजराने अंग चाटणे कमी केले की त्यामागे दात, सांध्यांची झीज, मूत्रपिंड, वाढलेले वजन यांपैकी काहीतरी बहुधा असते. उलट एखादे मांजर पोट चाटून चाटून टक्कल पाडू लागले तर पिसवा, ॲलर्जी किंवा मूत्राशयाचे दुखणे शोधावे लागते.

दाढा काढल्या. आठवड्याभराने एका सकाळी तो खिडकीत बसून पुढचा पंजा चाटून तोंडावरून फिरवीत होता. आता तो सतरा वर्षांचा आहे. कंबर आखडल्याने पाठीच्या शेवटच्या भागापर्यंत त्याची जीभ पोहोचत नाही. तेवढा भाग आम्ही रोज रात्री जेवणानंतर विंचरतो. बाकीचे त्याचे तो पाहतो.