ॲप फोनमध्ये का बसत नाही?

श्रावण लागेपर्यंत पोलादपूर तालुक्यात भाताची लावणी आटोपलेली असते. वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी उभी असते. या दिवसांत शेतकऱ्याला आता आणखी एक काम असते. आपल्या शेतात कोणते पीक आहे, त्याची नोंद आपणच मोबाइलवरून करायची. या कामाला ई-पीक पाहणी म्हणतात. महाराष्ट्रात ते १५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. मग ते पीक सातबाऱ्यावर चढते.

ही नोंद का हवी? अतिवृष्टीने पीक गेले, तर भरपाईच्या वेळी पिकाची नोंद पाहतात. सरकारी केंद्रावर भात घालतानाही ती पाहतात. पाणी काय करू शकते, हे सावित्रीकाठच्या माणसांना सांगायला नको. जुलै २०२१ चा पूर आणि त्या वेळच्या दरडी महाड-पोलादपूर विसरलेले नाही.

पण पुष्कळांचे काम पहिल्याच पायरीवर अडते. ॲपच फोनमध्ये बसत नाही. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते. "आपल्याला नाय जमायचं हे," असे म्हणून शेतकरी फोन खिशात घालतो. मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही.

ती ओळ म्हणजे फोनने सांगितलेले कारण असते. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलीकडून ती वाचून घ्यावी. कारण कळले की उपाय सापडतो.

ॲप बसते कसे, ते आधी पाहू. बाजारातून गठडी आणावी, तसे हे काम आहे. आपल्या घरात ही वस्तू चालेल का, ते पाहायचे. मग गठडी घरी आणायची. वरचा शिक्का तपासायचा. मग ती सोडून सामान जागच्या जागी लावायचे. फोन हेच करतो. यातली एक पायरी चुकली तरी काम थांबते.

फोन जुना असेल तर. 'कॉम्पॅटिबल नाही' अशा अर्थाची ओळ येते. म्हणजे हे ॲप या फोनला चालत नाही. सेटिंगमध्ये 'सिस्टम अपडेट' आहे का, ते पाहावे. असेल तर ते करून घ्यावे. नसेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबून उपयोग नाही. दुसरा फोन घ्यावा. शेजाऱ्याचा फोनही चालतो, कारण एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते.

गठडी वाटेत अडली तर. 'डाउनलोड पेंडिंग' असे दिसते. डोंगराच्या कुशीतल्या वाडीत रेंज येते आणि जाते. ॲप घरी बसून उतरवण्यापेक्षा रेंज चांगली असेल तिथे उतरवावे. तालुक्याला बाजाराला गेलो, की तेव्हाच हे काम उरकावे. दुसरी ॲपे त्याच वेळी उतरत असतील तर ती थांबवावीत. फोनची तारीख आणि वेळ बरोबर आहे का, तेही पाहावे. तारीख चुकीची असली तर प्ले स्टोअरशी जोडणी होत नाही.

जागा नसेल तर. 'स्टोरेज' हा शब्द त्या ओळीत असतो. गठडी सोडली की सामान जास्त जागा खाते. म्हणून ॲप लहान दिसले तरी फोनमध्ये निदान १ जीबी जागा मोकळी ठेवावी. सकाळ-संध्याकाळ आलेले शुभेच्छांचे फोटो आणि व्हिडिओ पुसले, तरी पुष्कळ जागा होते. मग फोन बंद करून पुन्हा चालू करावा.

शिक्का जुळत नसेल तर. 'ॲप नॉट इन्स्टॉल्ड' असे येते. या ओळीची कारणे अनेक असतात. त्यातले एक असे, की फोनमधल्या जुन्या ॲपचा आणि नव्याचा शिक्का निराळा असतो. अशा वेळी जुने काढून नवे प्ले स्टोअरमधून घ्यावे. मात्र जुन्या ॲपमध्ये न पाठवलेली नोंद असेल, तर ती आधी पाठवावी. ॲप काढले की तीही जाण्याचा धोका असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ॲप बसेना, की कोणी तरी म्हणतो, "थांब, मी व्हॉट्सॲपवर पाठवतो." अशी फाईल घेऊ नये. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. पीएम-किसानच्या आणि वाहनदंडाच्या नावाने अशा खोट्या फाईली फिरल्या आहेत. ती बसवली की फोनवर येणारे ओटीपी चोराला दिसू शकतात आणि बँकेतले पैसे जातात. "हे ॲप धोक्याचे आहे," असे फोन सांगत असेल, तर त्याचे ऐकावे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे.

एवढे करूनही ॲप बसले नाही, तर पडद्यावरच्या ओळीचा फोटो काढावा. तो तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, किंवा गावच्या पीक पाहणी सहायकाला दाखवावा. "चालत नाही" एवढेच सांगितले तर त्यांनाही काही कळत नाही. ओळ दाखवली तर ते उपाय सांगू शकतात.

आमचे सांगणे इतकेच, की हे काम शेवटच्या दिवसावर टाकू नये. मुदतीच्या शेवटी सगळ्यांचीच घाई असते. लावणी आटोपली की ॲप बसवून ठेवावे. मग एखादी अडचण आलीच, तर ती सोडवायला हातात दिवस राहतात.