बायपॅपच्या मास्कमागची वजाबाकी

आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात ओल्या लाकडांची चूल फुंकणाऱ्या आज्या आपल्याला नवीन नाहीत. विडीला कधी हात न लावलेल्या बाईलाही वर्षानुवर्षांच्या धुरानं सीओपीडी होऊ शकतो. थंडीत कफ वाढला की श्वास पुरता बाहेर पडत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. रक्ताचा पीएच ७.३५ च्या खाली जातो, आजी गुंगीत जाते. आणि नातेवाईक म्हणतात, "ऑक्सिजन वाढवा की!"

इथंच घोळ होतो. अशा रुग्णाला जादा ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. म्हणून बोटावरच्या यंत्राचा आकडा डॉक्टर ८८ ते ९२ च्या दरम्यानच ठेवतात. ९८ दिसत नाही म्हणून कुणी परस्पर ऑक्सिजन वाढवू नये.

साचलेला वायू बाहेर काढायला बायपॅप लावतात. त्यावर दाबाचे दोन आकडे असतात: श्वास घेताना आयपॅप, सोडताना ईपॅप. हा दाब 'सेंटीमीटर पाणी' या एककात मोजतात. वर्गात करून बघा. बादलीत स्ट्रॉ ५ सेंमी बुडवून फुंका, बुडबुडे सहज येतात. १५ सेंमी बुडवून फुंका, गाल फुगतात! तोच १५ चा दाब.

सुरुवात साधारण ईपॅप ४-५ आणि आयपॅप १०-१५ ने होते. रुग्णाला सोसेल तसा आयपॅप २० पर्यंत, गरज पडली तर त्याहून वर नेतात. पण खरी गंमत वजाबाकीत आहे. १५ वजा ५ म्हणजे १०. हा फरक जितका मोठा, तितका श्वास मोठा आणि तितका वायू बाहेर. दोन्ही आकडे पाचाने वाढवले तर? २० वजा १०, फरक तोच! ईपॅपचं काम वेगळं, तो श्वासनलिका मिटू देत नाही. तासाभरानं रक्त तपासून डॉक्टर आकडे बदलतात.

मास्क टोचतो म्हणून आपण दयेपोटी पट्टा सैल करतो. मग हवा गळते आणि लावलेला दाब आत पोचतच नाही. त्रास होत असेल तर नर्सला सांगा. उलटीसारखं वाटलं तर लगेच बोलवा.

आणखी एक. मण्यार चावल्यावरही श्वासाचे स्नायू लुळे पडून कार्बन डायऑक्साइड साचतो. पण तिथं घसाही लुळा पडतो, लाळ फुफ्फुसात जाऊ शकते. अशा वेळी मास्कवर भागत नाही, घशात नळी घालून व्हेंटिलेटरच लावावा लागतो.