पंखांवरून ओहळात: विमानतळांवरील हिमनिवारक द्रवाच्या मोजमापाचा मागोवा

शीत प्रदेशातील विमानतळांवर हिवाळ्यात उड्डाणापूर्वी विमानाच्या पंखांवरील बर्फ ग्लायकॉलयुक्त गरम द्रवाच्या फवाऱ्याने काढला जातो. या हिमनिवारक द्रवाचा बराच भाग जमिनीवर सांडतो आणि वितळलेल्या बर्फाबरोबर पावसाळी गटारांतून जवळच्या ओहळात पोचतो. अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याचा रोख मुख्यतः कारखान्यांच्या व शहरांच्या सांडपाण्यावर होता. १९८७ च्या दुरुस्तीने आणि तिला अनुसरून १९९० मध्ये आलेल्या नियमांनी मोकळ्या आवारातून वाहून जाणारे पाणीही परवान्याच्या कक्षेत आणले, तेव्हा विमानतळांना या पाण्याकडे लक्ष देणे भाग पडले.

त्याच सुमारास द्रवाचा वापर वाढण्यास वेगळेच कारण घडले. जानेवारी १९८२ मध्ये वॉशिंग्टन येथे एअर फ्लोरिडाचे विमान पोटोमॅक नदीत कोसळून ७८ जण, आणि मार्च १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर यूएसएअरचे विमान कोसळून २७ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही विमानांवर फवारणी झालेली होती, परंतु उड्डाणाची वाट पाहताना पंखांवर बर्फ पुन्हा धरला. त्यानंतर फवारणीचा परिणाम किती वेळ टिकतो याची बंधने कडक झाली, आणि पंखाला चिकटून राहणारे दाट द्रवही प्रचारात आले. प्रवाशांच्या सुरक्षिततेचा भार असा काही अंशी ओहळांवर पडला. मात्र फवारणी कमी करा असे कोणी जबाबदार माणूस सांगू शकत नव्हता, त्यामुळे प्रश्न उरला तो सांडलेला द्रव गोळा करण्याचा आणि निसटलेला मोजण्याचा.

या मोजमापाचे दीर्घकाळ चाललेले एक उदाहरण विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे सापडते. तेथील मिचेल विमानतळाचे पाणी विल्सन पार्क क्रीक या ओहळातून किनिकिनिक नदीला आणि पुढे मिशिगन सरोवराला मिळते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने विमानतळाच्या सहकार्याने १९९६ पासून या ओहळाची पाहणी केली. अशा पाहणीत काठावरचे स्वयंचलित यंत्र प्रवाहाच्या प्रमाणात थोडेथोडे पाणी नळीने ओढून बाटल्यांत साठवते. हिवाळ्यात हीच नळी गोठते, पाण्यावर धरलेल्या बर्फामुळे पातळीचा अंदाज चुकतो, आणि धावपट्टीलगत ढकलून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यांत अडकलेले ग्लायकॉल फवारणीनंतर कित्येक दिवसांनी, उबदार वारा सुटला किंवा पाऊस पडला की, एकदम वाहू लागते. फवारणीच्याच दिवशी नमुना घेणाऱ्याच्या हाती यातले थोडेच लागते.

मोजायचे काय, हा प्रश्न याहून अवघड होता. प्रारंभी भर होता तो बीओडीवर, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजविताना जीवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूवर. ही चिंता रास्तच होती, कारण एक लिटर शुद्ध प्रॉपिलीन ग्लायकॉल पूर्ण कुजण्यास सुमारे १.७ किलो प्राणवायू लागतो. शून्य अंशाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो, म्हणजे हिशेबाने एक लाख लिटरहून अधिक पाण्यातील सगळा प्राणवायू संपतो. परंतु प्रमाणित बीओडी चाचणी २० अंश सेल्सिअसला पाच दिवस चालते, तर हिवाळी ओहळ शून्याच्या आसपास वाहत असतो. तेथे जीवाणूंचे काम मंदावते आणि प्राणवायूची घट फवारणीच्या जागी व वेळी न दिसता प्रवाहाच्या खालच्या अंगाला किंवा पाणी तापू लागल्यावर दिसण्याची शक्यता राहते. विमानतळाच्या कुंपणापाशी चाचणीचा आकडा भयंकर आणि पाण्यातला प्राणवायू मात्र ठीक, ही विसंगती त्यामुळे मोजणाऱ्याची चूक ठरत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर म्हटली पाहिजे. द्रवात ग्लायकॉल व पाण्याखेरीज गंज रोखणारी बेंझोट्रायाझोले, पृष्ठताण कमी करणारी नॉनिलफेनॉल इथॉक्सिलेटे अशी द्रव्ये अल्प प्रमाणात घातली जात आणि त्यांचा तपशील उत्पादक व्यापारी गुपित म्हणून राखून ठेवत. २००३ पर्यंत ही द्रव्ये मिलवॉकीच्या पाहणीत द्रवांत आणि विमानतळाचे पाणी घेणाऱ्या ओहळांत ओळखली गेली. पुढे नऊ द्रवांच्या जलचरांवरील चाचण्यांतून त्यांच्या विषारीपणाचा उलगडा एकट्या ग्लायकॉलने होत नाही हे दिसून आले. केवळ ग्लायकॉल आणि प्राणवायू तपासणाऱ्या पाहणीला हा धोका दिसणेच शक्य नव्हते. कॅनडाने १९९४ मध्ये लिटरमागे १०० मिलिग्रॅम ही जी मार्गदर्शक मर्यादा घातली, तीही ग्लायकॉलपुरतीच होती.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा विमानतळांसाठीचा अंतिम नियम मे २०१२ मध्ये आला. शीत पट्ट्यात वर्षाला किमान १०,००० उड्डाणे होणाऱ्या नव्या विमानतळांनी फवारणीनंतर गोळा करण्याजोग्या उरणाऱ्या द्रवापैकी ६० टक्के गोळा करावा, असे त्यात ठरले. जुन्या विमानतळांवर मात्र ही सक्ती नाही. त्यांनी धावपट्टीवरील बर्फ घालवण्यासाठी युरिया वापरणे थांबवावे, अथवा त्यापासून होणारा अमोनिया लिटरमागे १४.७ मिलिग्रॅमच्या आत ठेवावा, एवढेच बंधन आहे. त्या नियमात पाण्याच्या गुणवत्तेच्या संख्यात्मक मर्यादा दोनच आहेत, एक रासायनिक प्राणवायू मागणीची आणि दुसरी अमोनियाची. बेंझोट्रायाझोलांसाठी एकही नाही.