गाडीला ऑइल कूलर लागतो का? आधी मोजा, मग विका

कस्टमर मागतो ते विकायचं, की त्याला लागतं ते? ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न हमखास येतो. आज माझ्याच वर्कशॉपमधलं उदाहरण सांगतो.

वाईचे एक टुरिस्ट गाडीवाले काका आले. टर्बो डिझेल गाडी, रोज पसरणी घाटातून पाचगणी-महाबळेश्वर. म्हणाले, "दादा, घाटात काटा वर जातो. ऑइल कूलर बसवून टाका, पैशाचं बघू." पाच आकडी बिल स्वतःहून चालत आलं होतं. त्यात महिनाअखेर, दुकानाचं भाडं द्यायचं. मोह झाला, खोटं कशाला बोलू?

पण डॅशबोर्डवरचा तो काटा कूलंटचा असतो, ऑइलचा नाही. म्हणून ऑइल फिल्टर आणि इंजिनच्या मध्ये सँडविच प्लेट लावून तिच्यात टेंपरेचर सेन्सर बसवला. गाडी फुल भरली, एसी चालू ठेवला आणि घाट चढलो. ऑइल 124 अंश!

गरम झालेल्या इंजिनात ऑइल साधारण 90 ते 110 अंश सेल्सिअसला असतं. चढावर थोडा वेळ वर गेलं तर लगेच घाबरायचं नाही. पण ते सतत 130 च्या आसपास राहिलं, तर ऑइल पातळ पडतं, लवकर खराब होतं आणि बेअरिंगला धोका वाढतो. इंजिन आणि ऑइलप्रमाणे मर्यादा बदलते, म्हणून मॅन्युअल बघायचंच.

मग कूलर बसवायचा? थांबा. अशा बऱ्याच डिझेल इंजिनांना कंपनीचाच छोटा ऑइल कूलर असतो आणि त्यातून कूलंट फिरतं. काकांच्या गाडीतही होता. म्हणजे कूलंट तापलं की ऑइलही तापणार. रेडिएटर बघितला तर जाळीत चिखल आणि किडे, आणि फॅन फास्ट स्पीडला जातच नव्हता. दोन्ही कामं केली. पुन्हा तोच घाट, तेवढंच वजन. ऑइल 107. नवीन कूलरची गरजच नव्हती.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. सुरुवातीला मी एका गाडीला न मोजता कूलर बसवला होता, तोही थर्मोस्टॅटशिवाय. गाडी गावातल्या गावात फिरणारी. थंडीत ऑइल नीट तापेना, त्यातलं पाणी उडून जाईना, आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका धरला. कूलर काढून पैसे परत केले, पण तो कस्टमर पुन्हा आला नाही.

आता माझा क्रम ठरलेला आहे:

1. ऑइलचं तापमान मोजा, गाडी ज्या कामाला जाते त्याच कामावर.
2. ऑइलची लेव्हल, ग्रेड, रेडिएटर, फॅन, कूलंट तपासा.
3. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा.
4. तरीही तापमान सतत मर्यादेबाहेर असेल, म्हणजे ट्रॅकवर पळणारी किंवा पॉवर वाढवलेली गाडी असेल, तर कूलर बसवा. थर्मोस्टॅटसकटच.

आणि मोजणीची फी लावा, लाजू नका. काकांना मी दोन्ही आकडे बिलावर लिहून दिले. बिल लहान झालं, पण पुढच्या महिन्यात त्यांच्या स्टँडवरच्या तीन गाड्या सर्व्हिसिंगला आल्या.

तुमचा धंदा कुठलाही असो, आज एकच लिहून काढा: मी कुठली वस्तू न मोजता विकतोय?