खिशातून निघून गेलेलं गाणं

सकाळची लोकल गाठायला मी घाईघाईनं जिना उतरलो. गेटपाशी पोचतो न पोचतो तोच वरून अण्णांची हाक आली, “अरे, गाणं नेलंस की!”

खरोखरच नेलं होतं. आदल्या दिवशी मी त्यांच्या जुन्या अॅम्प्लिफायरला एक स्वस्तातला ब्लूटूथ रिसीव्हर जोडून दिला होता. गाणं माझ्या मोबाइलमधून जायचं आणि मोबाइल माझ्या खिशात! त्यामुळे नाट्यगीत ऐन तानेत थांबलं. रात्री तर ऑफिसचा फोन आला आणि त्याची घंटी दोन्ही मोठ्या स्पीकरांतून अशी खणखणली की शेजारच्या वहिनी दार उघडून बाहेर आल्या.

हा अॅम्प्लिफायर 1984 च्या दिवाळीतला. अण्णा तेव्हा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. बोनस हाती पडला आणि त्यांनी थेट उल्हासनगर गाठलं. डब्यावर कंपनीचं नाव नाही. ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या पट्ट्यात ऐकून ऐकून गुळगुळीत झालेला आहे. पण फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत येऊन राहिलेल्या माणसांनी जी बाजारपेठ उभी केली, तिथला हा डबा आजही वाजतो आहे, एवढं मी सांगू शकतो.

26 जुलै 2005 ला आम्ही बदलापूरला तळमजल्यावर राहत होतो. उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा अण्णांनी अॅम्प्लिफायर उचलून वरच्या मजल्यावर नेला. शर्टाच्या खिशात एकच कॅसेट टाकली. बाकीच्या कॅसेट गेल्या. रेकॉर्डी धुऊन वाळवल्या, पण त्यांच्या कव्हरांचा लगदा झाला. वाचलेली ती कॅसेट आईच्या भजनी मंडळाची. तीत एक चरण आई एकटी गाते. आई त्याआधीच गेली होती.

तेव्हा स्ट्रीमर घ्यायचं ठरलं. स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरून स्वतःच गाणं आणून अॅम्प्लिफायरला देणारी छोटी पेटी. ती घरातल्या वायफायला जोडलेली असते, मोबाइल नुसता रिमोटचं काम करतो. मोबाइलवाला लोकलनं गेला तरी गाणं घरीच राहतं. माझी अडचण इथेच संपायला हवी होती.

उल्हासनगरच्या दुकानदारासमोर मी खोक्यावरचे आकडे वाचत बसलो. एकावर 96, दुसऱ्यावर 192. तो हसला. “साहेब, ऐकणार कोण?”

“वडील. ब्याऐंशी वर्षांचे.”

“मग 192 कशाला?”

गिऱ्हाइकाला स्वस्तातलं सुचवणारा दुकानदार मी प्रथमच पाहत होतो! पण त्याचं म्हणणं खरं होतं. सीडीत आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने घेतलेले असतात, आणि माणसाच्या कानाला ऐकू येणारे उंचातले उंच सूर तेवढ्यात मावतात. वयाबरोबर हे वरचेच सूर आधी ऐकू येईनासे होतात. शिवाय जुनं ध्वनिमुद्रणच खरखरीत असेल तर मोठा आकडा ती खरखर तेवढी प्रामाणिकपणे ऐकवणार.

मग त्यानं मला अॅम्प्लिफायरच्या पाठीचा फोटो मागितला. ‘फोनो’ लिहिलेल्या भोकात स्ट्रीमर जोडायचा नाही, असं त्यानं बजावलं. ती जागा रेकॉर्डच्या सुईतून येणाऱ्या क्षीण आवाजासाठी असते, तो आतमध्ये कितीतरी पट वाढवला जातो. स्ट्रीमरचा दणकट आवाज तिथे दिला तर नुसता कर्कश गोंगाट होतो. ‘टेप’ लिहिलेलं पाच पिनांचं गोल सॉकेट चालणार होतं. त्याला बसणारी वायर त्यानं तिथल्या तिथे झाळून दिली.

त्याला मी विचारलं ते मात्र वेगळंच: पेन ड्राइव्हमधलं स्वतःचं गाणं हा वाजवतो का, आणि रिमोटवर आकड्यांची बटणं आहेत का? त्याच्या सगळ्यात महागड्या, देखण्या पेटीला बटणंच नव्हती, सगळा कारभार मोबाइलवर. ती मी परत ठेवली. अण्णा मोबाइलवर फोन घेतात, तोही तिसऱ्या घंटीला.

पेन ड्राइव्हचा हट्ट कशासाठी, तर आईचं ते भजन कुठल्याही कंपनीच्या भांडारात मिळणार नाही. आणि भांडारांचा तरी काय भरवसा? विंक म्युझिकसारखी मोठी सेवा 2024 मध्ये बंद झाली. महिन्याचे पैसे भरून ऐकलेलं गाणं आपलं नसतं, पेन ड्राइव्हमधलं असतं.

कॅसेट संगणकात उतरवायला एक रविवार गेला. यात घाई चालत नाही, साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते. सीडीच्या दर्जानं मिनिटाला साधारण दहा मेगाबाइट, म्हणजे सगळी मिळून सहाशेच्या आसपास. टेप मध्येच दोनदा चिकटली. ती सोडवताना माझे हात थरथरत होते, अण्णा पलीकडे पेपर वाचत असल्यासारखे बसले होते.

आता एक नंबरावर नाट्यगीतं, दोनवर भावगीतं, तीनवर किशोरीताई आणि भीमसेनजी. चार नंबरावर आई. वीज गेली आणि आली की राउटर जागा व्हायला वेळ लागतो, तोवर पहिली तीन बटणं मुकी असतात. चौथं चालतं. परवा संध्याकाळी दिवे आले तेव्हा मी जिन्यातच होतो. वरून टाळांचा आवाज आला, आणि मी थोडा वेळ तिथेच थांबलो.