साजगावच्या डीपीवर दहा गाड्या लावल्या तर?

कार्तिकी एकादशीला बोंबल्या विठोबाच्या यात्रेसाठी साजगावला मामांकडे गेले होते. मामा इलेक्ट्रिक कार घ्यायच्या विचारात आहेत. "तू यावरच पीएचडी करतेस ना? मग सांग, आळीत दहा जणांनी अशा गाड्या घेतल्या तर आमची डीपी जळेल का?"

प्रश्न अगदी माझ्या संशोधनाचाच. चला, हिशेब मांडू.

छोटी कार रोज ४० किलोमीटर चालली तर साधारण ६ युनिट वीज लागते. पंधरा अँपिअरच्या प्लगवर, म्हणजे ३.३ किलोवॅटने, दोन तासांत काम होतं. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर तासाभरातच उरकतो. गाडी मात्र रात्रभर दारात उभी असते.

आता १०० केव्हीएची एक काल्पनिक डीपी घ्या. संध्याकाळी सातला टीव्ही, पंखे, पंप मिळून तिच्यावर ६० किलोवॅट भार आहे असं धरू. त्याच वेळी दहा जणांनी मोठे चार्जर लावले की ७२ ची भर, एकूण १३२. त्याच दहा गाड्या रात्री भार २५ वर आल्यावर छोट्या प्लगवर पाच-पाच करून लावा. भार ४२ च्या आतच राहतो. युनिट तेवढेच!

जास्त भाराने डीपी लगेच जळते असं नाही. ती तापते, आणि आतल्या गुंडाळीवरचा कागद जुना होत जातो. ९८ अंशांच्या वर दर ६ अंशांना हा वेग दुप्पट होतो, असं ढोबळ गणित आहे.

मामा हसले. "म्हणजे आपल्या खोपोलीसारखंच की." बरोबर! १९१५ पासून तिथं लोणावळ्याच्या वरच्या तलावांचं पाणी नळांतून खाली सोडून वीज होते. पाणी साठवायचं, लागेल तेव्हा सोडायचं. गाडीची बॅटरी हाही तलावच, फक्त तो निवांत वेळी भरायचा.

मग रात्री दर कमी केला की झालं? इथेच गंमत आहे. सवलत अकराला सुरू झाली तर सगळ्यांचे टायमर अकरालाच लागतील आणि नवीनच गर्दी होईल. दुसरीकडे केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार स्मार्ट मीटर असेल तर दिवसा, सौरऊर्जेच्या तासांत, दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी हवा. पण दिवसा मामांची गाडी घरी कुठे असते? ती खोपोली स्टेशनबाहेर उन्हात उभी. त्यामुळे माझ्या मते चार्जिंगचे साधे, स्वस्त प्लग आधी स्टेशनच्या आणि कारखान्यांच्या पार्किंगमध्ये हवेत. हायवेवरचे मोठे चार्जर लांबच्या प्रवाशांसाठी, रोजच्या ४० किलोमीटरला त्यांची गरज नाही.

उरला प्रश्न रात्रीच्या रांगेचा. पाच गाड्या आधी, पाच नंतर, पण आधी कोणाच्या? मी म्हटलं, ज्याची बॅटरी जास्त रिकामी त्याची. मामी आतून म्हणाल्या, "असं कसं? शेजारचा रिक्षावाला पहाटेच्या पहिल्या लोकलची भाडी धरतो. त्याला चारला निघायचं असतं, तुझ्या मामांना नऊला."

माझ्या प्रोग्राममध्ये निघायची वेळ सगळ्यांना एकच धरलेली होती. ती आता प्रत्येकाची वेगळी घेते आहे.