खिशातली लाल फळं

कॉफी म्हणजे लग्नघरात रात्री बाराला पातेल्यातून मिळणारी, जायफळ घातलेली दुधाळ चीज, एवढंच माझं ज्ञान. त्या भांडवलावर शेतकीची पदवी घेऊन मी कोल्हापूरहून कोडगूच्या डोंगरात नोकरीला गेलो. हुद्दा कॉफी संशोधन केंद्रात संशोधन सहायक. पहिल्याच फेरीत पाच-सहा टपोरी लाल फळं तोडून पँटच्या खिशात टाकली, रात्री खोलीवर निवांत बघू म्हणून. केंद्राच्या दारातच आमच्या सरांनी अडवलं. ‘‘खिसे उलटे करा.’’

मला वाटलं, झालं, पहिल्या दिवशीच चोरीचा आळ! पण सरांनी शांतपणे फळं उचलली आणि उकळत्या पाण्यात टाकली. दोन मिनिटांनी त्यातलं एक ब्लेडने चिरलं. बेंबीपाशी टाचणीने टोचल्यासारखं एक भोक होतं, ते थेट बियांत गेलेलं. आत भुसा, आणि त्या भुशात राजगिऱ्याच्या दाण्याएवढा काळा किडा, शिजलेला. ‘‘ही बेरी बोरर. तुम्ही आज हिला खिशातून फुकट प्रवास घडवत होता.’’

ही बया मूळची आफ्रिकेची. भारतात ती 1990 साली निलगिरीतल्या गुडलूरला पहिल्यांदा सापडली आणि काही वर्षांतच वायनाड, कोडगूपर्यंत पोचली. तिचा संसार सगळा दाण्याच्या आत. मादी भोक पाडून अंडी घालते, भावंडांचीच आपसात लग्नं लागतात. नर थोडे, त्यांना उडता येत नाही, ते जन्मले त्या फळातच मरतात. माद्या तेवढ्या बाहेर पडून नवं फळ शोधतात. कॅफीन हे खरं तर झाडाचं कीटकांविरुद्धचं विष. पण हिच्या पोटातले जिवाणू ते पचवून टाकतात, हे 2015 साली सिद्ध झालं. आपल्याला दोन कपांनी झोप येत नाही, ही जन्मभर कॉफीच खाते.

तिला पकडायचा सापळा मात्र गमतीचा आहे. आमिष म्हणून इथेनॉल आणि मिथेनॉलचं मिश्रण बाटलीत टांगायचं. आमच्या हिशेबनिसांना हे काही केल्या पटेना. स्पिरिटच्या मागणीचा कागद तीनदा परत आला. शेवटी स्वतः मळ्यात आले, सापळ्याच्या पाण्यात तरंगणारे काळे ठिपके पाहिले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे किडेच पितात तर!’’ सही झाली.

पण सापळा लावून मोकळं होता येत नाही. तोडणी संपली की झाडावर चुकून राहिलेलं आणि खाली पाचोळ्यात पडलेलं एकूण एक फळ वेचावं लागतं, कारण पुढच्या हंगामापर्यंत कीड त्यातच तग धरते. हे काम बायकांचं. वाकून, पाचोळा चाळून, दिवसभर. तोडणीच्या दिवशी टोपली भरते तशी ही भरत नाही, म्हणून मालक या कामाला पैसे सोडायला नाखूश. माझ्या मते कॉफीच्या शास्त्रातलं सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच.

अरॅबिका जातीच्या कॉफीचं दुखणं आणखी वेगळं. पांढऱ्या खोडकिड्याची अळी साल सोडून लाकडात शिरते आणि आपल्यामागे भुसा ठासून भरत जाते, त्यामुळे बाहेर काही दिसत नाही. खोडावरून अंगठा फिरवला की कंगोरा लागतो, तो तिचा माग. नराच्या अंगचा वास ओळखून शास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत बनवला, मादीला भुलवणारे सापळेही आले. तरी उपाय जुनाच राहिला. डोक्यावर सावली राखायची, कारण या किडीच्या भुंगेऱ्याला ऊन आवडतं. काथ्याने खोडाची सुटी साल घासायची, म्हणजे अंडी घालायला फट उरत नाही. आणि लागण झालेलं झाड मुळासकट उपटून जाळायचं. इथेच घोडं पेंड खातं. फळांनी लगडलेल्या झाडावर मी खडूने खूण केली की मालक म्हणायचे, ‘‘एवढं पीक घेऊ द्या.’’ एकदा मी विरघळलो. पुढच्या वर्षी शेजारच्या अकरा झाडांवर खूण करताना खूप वाईट वाटलं. सोबतची मळ्यातली अक्का काही बोलली नाही, फक्त खडू माझ्या हातात देत राहिली.

दाण्याचा खरा न्याय होतो चवीच्या खोलीत. दीडशे मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम पूड, चार मिनिटं थांबायचं, वरची साय चमच्याने मोडायची, नाक आत घालायचं. मग चमचाभर कॉफी जोरात भुरका मारून प्यायची आणि पिंकदाणीत थुंकायची. लहानपणी आमटीच्या भुरक्यावरून आईचे धपाटे खाल्लेले. इथे चव तपासणाऱ्या मॅडम ओरडायच्या, ‘‘आवाज येत नाही तुमचा!’’ भुरक्याने कॉफीचा फवारा होऊन नाकापर्यंत वास पोचतो, असं कारण. एके दिवशी सकाळी भाकरीबरोबर लसणीची चटणी खाऊन गेलो, तर मला दाराबाहेर उभं केलं, शाळेसारखं. आत परत घेतलं ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी टेबलावर एक कप ओळखायला ठेवला होता. पहिल्या भुरक्यात ओल्या गोणपाटाची चव. पोखरलेल्या दाण्यांना बुरशी धरलेली, मूठभर असतील. बाकीचे दाणे चांगल्या मळ्याचे, चांगले धुतलेले, तरी उपयोग शून्य.

आता चिकमगळूर, कोडगूला आपली माणसं हौसेने जातात. आपल्याकडे चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, तिथेही जातात. झाडाशेजारी फोटो जरूर काढा, रस्त्यावरच्या हॉटेलात फिल्टर कॉफी प्या. फक्त बाल्कनीतल्या कुंडीत लावायला म्हणून ती लाल फळं खिशात घालून आणू नका.